वॉरहॅमर ४०,००० वर मालिका लिहायची झाली, तर पहिला भाग कचेरीत उघडावा

प्रश्न असा आहे : 'वॉरहॅमर ४०,०००' या काळ्याकुट्ट विज्ञानकथेच्या युद्धविश्वावर दूरचित्रवाणी मालिका लिहायला मिळाली, तर पटकथाकाराने सुरुवात कुठून करावी, नायक कोणाला करावे, आणि ज्याने हा खेळ कधी पाहिलेलाही नाही अशा प्रेक्षकाला हे सगळे कसे समजावे? मी गेली २२ वर्षे मालिका लिहितो आहे. त्यांतली अर्धी वर्षे दैनंदिन मालिकांत गेली, आणि रात्री उरलेल्या वेळात या खेळाच्या इंच-सव्वा इंच उंचीच्या मूर्ती रंगवण्यात डोळे गेले. त्यामुळे या प्रश्नाचे उत्तर मी मनातल्या मनात अनेकदा लिहून खोडलेले आहे. आज जे शिल्लक आहे ते आधीच सांगून टाकतो : पहिला भाग रणांगणावर उघडू नये, कर गोळा करणाऱ्या एका कचेरीत उघडावा, आणि मुख्य पात्र त्या कचेरीतली एक मध्यमवयीन लेखनिक असावी.

ज्यांना हे विश्व ठाऊक नाही त्यांच्यासाठी अगदी थोडक्यात. ब्रिटनमधल्या नॉटिंगहॅमच्या गेम्स वर्कशॉप या कंपनीने १९८७ मध्ये हा खेळ बाजारात आणला आणि त्याची मूळ रचना रिक प्रिस्टली यांची. टेबलावर छोट्या सैन्यांची लढाई खेळायची, इतकाच तो मुळात. त्याभोवती पुढच्या जवळपास चार दशकांत कादंबऱ्या, संगणक-खेळ आणि नियमपुस्तकांचा डोंगर उभा राहिला. काळ आहे ४१ वे सहस्रक. मानवजातीचे साम्राज्य, म्हणजे इम्पीरियम, सुमारे दहा लाख ग्रहांवर पसरलेले आहे. त्याचा सम्राट १०,००० वर्षांपासून सुवर्णसिंहासनावर धड जिवंत नाही आणि धड मेलेला नाही अशा अवस्थेत बसलेला आहे, आणि त्याला तसे टिकवण्यासाठी मानसिक शक्ती असलेली १,००० माणसे दररोज खर्ची पडतात. या माणसांना तिथे सायकर म्हणतात. डिसेंबर २०२४ मध्ये गेम्स वर्कशॉप आणि ॲमेझॉन यांच्यात चित्रपट व मालिकांबाबतचा करार पक्का झाल्याचे जाहीर झाले, अभिनेता हेन्री कॅव्हिल कार्यकारी निर्माता म्हणून त्यात आहे, आणि तो स्वतः या मूर्ती रंगवणाऱ्यांपैकी आहे. ते लोक काय करतील याचे भाकीत मला करायचे नाही. मी काय केले असते, एवढेच इथे लिहितो.

सगळ्यांना सुरुवात स्पेस मरीनपासून, म्हणजे साम्राज्याच्या चिलखतधारी अतिमानवी योद्ध्यापासून करायची असते. मुखपृष्ठांवर तोच, जाहिरातींत तोच, दुकानाच्या काचेतही तोच उभा असतो. पण या विश्वाचा हिशेबच त्याच्या विरोधात जातो. स्पेस मरीनांच्या तुकड्या साधारण १,०००, आणि प्रत्येक तुकडीत सैनिक साधारण १,०००. म्हणजे एकूण दहा लाख. ग्रहही दहा लाख. सरासरी काढली तर एका ग्रहाच्या वाट्याला एक सैनिक येतो, आणि काही ग्रहांची लोकसंख्या अब्जांत आहे. तेव्हा इम्पीरियममधला जवळजवळ प्रत्येक माणूस स्पेस मरीन न पाहताच जन्मतो आणि मरतो. त्याच्या लेखी तो प्रार्थनामंदिराच्या रंगीत काचेत दिसणारा देवदूत असतो. प्रेक्षकानेही त्याला आधी काचेतच पाहावे. सहाव्या भागात तो प्रत्यक्ष दारात उभा राहील, तेव्हा लेखनिकेच्या अंगावर जो काटा येईल तोच प्रेक्षकाच्याही अंगावर यायला हवा. तो काटा पहिल्याच मिनिटाला खर्च करून टाकणे म्हणजे जत्रेच्या आदल्या दिवशी फटाके उडवण्यासारखे आहे.

यात एक रोकडी अडचणही आहे. स्पेस मरीन सात फुटांहून उंच आणि अंगावरच्या चिलखतासह दारात न मावणारा असतो. नटाला तसले चिलखत चढवले की खांदे चार फूट रुंद होतात आणि वर डोके लिंबाएवढे दिसते. शिरस्त्राण घातले तर चेहरा जातो, आणि चेहऱ्यावाचून मालिका आठ भाग चालवून दाखवणारे लोक जगात फार थोडे आहेत. मग उरतो संगणकीय प्रतिमेचा मार्ग, जिथे प्रत्येक सेकंदाचे बिल येते. पैशाहून मोठी अडचण मात्र स्वभावाची आहे. लहान मुलगा असतानाच त्याला उचलून नेलेले असते, शरीरात १९ कृत्रिम अवयव बसवलेले असतात, आणि भीती नावाची गोष्ट त्याच्यातून शिस्तीने काढून टाकलेली असते. ज्याला भीती नाही त्याच्यापुढे पेच उभा करणे लेखकाला महाग पडते. या सैनिकांच्या निष्ठेवर आणि फितुरीवर उत्तम शोकांतिका लिहिता येतात, हे मी जाणतो. त्या जरूर लिहाव्यात, पण प्रेक्षक या जगात मुरल्यावर, तिसऱ्या-चौथ्या पर्वात.

दुसरे दार सामान्य पायदळाचे. ॲस्ट्रा मिलिटॅरमचा शिपाई, त्याच्या हातातली लासगन ही किरणांची बंदूक, जिला खेळणारे लोक प्रेमाने विजेरी म्हणतात, आणि मागे पिस्तूल घेऊन उभा असलेला कमिसार, जो मागे फिरणाऱ्याला स्वतःच गोळी घालतो. हे दार चांगले आहे, किंबहुना माझ्या कथेत ते अर्धे उघडे ठेवलेच आहे. पण निव्वळ पलटणीची गोष्ट केली तर इम्पीरियम म्हणजे फक्त युद्ध असे चित्र तयार होते, आणि ते युद्ध कोणत्या समाजावर उभे आहे ते दिसतच नाही. तिसरे दार इन्क्विझिटरचे, म्हणजे पाखंड हुडकून काढणाऱ्या तपास-अधिकाऱ्याचे. वाहिन्यांना हे सर्वांत जास्त आवडेल, कारण गुप्तहेरकथेचा साचा त्यांना ओळखीचा आहे. मला ते नको आहे, कारण त्याच्या शिक्क्यापुढे कोणतेही दार बंद राहत नाही, आणि ज्याला सगळीकडे जाता येते त्याच्या डोळ्यांनी पाहिलेले जग सहलीतल्या मार्गदर्शकाने दाखवल्यासारखे वाटते. माझ्या लेखनिकेला तिच्याच इमारतीचा चौथा मजला चढायला परवाना लागतो.

आता कचेरी. या विश्वातली सर्वांत भयानक यंत्रणा माझ्या मते ॲडमिनिस्ट्रेटम ही आहे, म्हणजे साम्राज्याचे महसूल आणि नोंदी खाते. प्रत्येक ग्रहाने दशमांश कर द्यायचा. तो धान्यात असेल, खनिजात असेल, माणसांतही असेल. पहिल्या भागाचे पहिले दृश्य मी असे लिहिले आहे. एक उंच, अरुंद दालन. शेकडो मेजांच्या रांगा, चर्मपत्राच्या गुंडाळ्या, आणि प्रत्येक मेजावर तरंगणारी एक कवटी, जिच्या डोळ्याच्या खोबणीतून दिव्याचा उजेड पडतो. अशी कवटी या विश्वात नवी नाही. निष्ठेने सेवा केलेल्या माणसाच्या मृत्यूनंतर त्याच्या कवटीत यंत्र बसवून तिला कामाला लावतात. आपली लेखनिक लिहिता लिहिता कवटीला म्हणते, "थोडे डावीकडे घ्या, साहेब." पुढे कधीतरी, कोणी न सांगता, प्रेक्षकाला उमगते की ही कवटी तिच्या आधीच्या वरिष्ठाची आहे. १९ वर्षे त्याने तिच्या चुका काढल्या, आणि आता तो तिला उजेड धरतो. या एका वाक्यातून जेवढे जग प्रेक्षकाच्या पदरात पडते तेवढे पाच मिनिटांच्या प्रस्तावनेतून पडत नाही.

दृश्य पुढे जाते ते एका निरोपाने. ग्रहांमधले निरोप ॲस्ट्रोपॅथ आणतात. हे आंधळे सायकर असतात, आणि त्यांना अक्षरे मिळत नाहीत. मिळतात त्या प्रतिमा, स्वप्नातल्यासारख्या, ज्यांचा अर्थ लावावा लागतो. माझ्या दृश्यात ॲस्ट्रोपॅथ सांगतो : पांढरे झाड, त्यावर चार पक्षी, आणि झाडाखाली रिकामे जोडे. अर्थ लावणारा अधिकारी म्हणतो, सैनिकांची मागणी आहे. पण चार पक्षी म्हणजे ४,००० की ४०,०००? कचेरीत एक कुजबुजती चर्चा होते. कमी माणसे पाठवली तर अधिकाऱ्याला मृत्युदंड आहे. जास्त पाठवली तर कोणतीही शिक्षा कोणत्याही नियमात लिहिलेली नाही. अधिकारी शांतपणे ४०,००० वर शिक्का मारतो. लेखनिकेच्या मेजावर यादी येते, ती जास्तीची ३६,००० नावे भरायला बसते, आणि तिसऱ्या दिवशी तिच्याच धाकट्या भावाच्या नावाशी तिची लेखणी थांबते. इथे पहिला भाग संपतो. गोळी एकही सुटलेली नाही, परग्रहावरचा एकही प्राणी दिसलेला नाही, तरी प्रेक्षकाला इम्पीरियम म्हणजे काय ते समजले आहे.

माहिती कशी द्यावी याबद्दल एक स्वतःचा अनुभव. पूर्वी एका ऐतिहासिक मालिकेच्या पहिल्या भागात मी ११ सरदारांची नावानिशी ओळख करून दिली होती आणि मनातून त्यावर खूश होतो. बाहेरच्या मोजक्या प्रेक्षकांना तो भाग दाखवल्यावर विचारले, कोण लक्षात राहिले? बहुतेकांनी छावणीत पाणी भरणाऱ्या एका बाईचे नाव घेतले, जिला मी दोनच वाक्ये दिली होती. तिच्या टाचेला भेग पडली होती आणि तिला बसायला जागा हवी होती. सरदारांना फक्त इतिहास होता, तिला काहीतरी हवे होते. तेव्हापासून माझा नियम असा आहे की पात्राला काही हवे असल्याशिवाय त्याच्या तोंडी माहिती द्यायची नाही. चाळीस वर्षांची दंतकथा हाताशी असलेल्या या विश्वात तर हा नियम भिंतीवर लिहून ठेवावा. पहिल्या पर्वात सम्राटाचे गृहयुद्ध, त्याचे पुत्र, चार अंधारदेवता यांतले काहीही समजावून सांगण्याची गरज नाही. लोक शपथ घेताना, शिव्या देताना, झोपण्याआधी हात जोडताना जे बोलतील त्यातून जेवढे कळेल तेवढे पुष्कळ झाले.

पर्वाचा कणा कोणता, तर जीनस्टीलर पंथाचा. माझ्या दृष्टीने या विश्वातली ही सर्वांत करुण कल्पना आहे, आणि खेळाच्या टेबलावर तिचे चीज होत नाही. टायरनिड नावाची परग्रहीय प्रजाती ग्रहामागून ग्रह खात निघालेली आहे. त्यांचे एखादे जनावर खूप आधी एखाद्या खाणीत शिरते. ते माणसाला मारत नाही, त्याच्या शरीरात आपले बीज सोडते. त्या माणसाला पुढे होणारे मूल अर्धे राक्षसी असते, पण आईबापांना ते जिवापाड प्रिय वाटते. त्या मुलांची मुले अधिक माणसासारखी, आणि चौथ्या पिढीपर्यंत तर गर्दीत ओळखू न येणारी. या कुटुंबांचा मिळून एक पंथ बनतो. त्यांची श्रद्धा अशी की ताऱ्यांतून देव उतरतील आणि खाणीतल्या माणसाला या नरकातून सोडवतील. ते गुप्तपणे शस्त्रे जमवतात, उठाव करतात, आणि त्यांच्या आर्त हाकेने खरोखरच ताऱ्यांतून कोणीतरी येते. येतात ते टायरनिडच, आणि भक्तांनाही इतरांसारखेच खाऊन टाकतात.

ही कथा लिहिताना खरी कसोटी एकाच जागी आहे. खाणकामगारांची तक्रार खरी असली पाहिजे. त्यांच्या मुलांना खोकला आहे, पाळी सोळा तासांची आहे, आणि अपघातात हात तुटलेल्या माणसाला भरपाई म्हणून नव्या जागी कामाला लावतात. पंथातला उपदेशक जे बोलतो त्यातला नव्वद टक्के भाग बरोबर आहे, चूक आहे ती फक्त सुटका कोण करणार याबद्दल. लेखकाने त्याला मूर्ख किंवा दुष्ट रंगवले की मालिका मेली. त्याचप्रमाणे, आईला ते विचित्र मूल प्रिय वाटते ते बीजाच्या प्रभावामुळे की आई म्हणून, हा प्रश्न शेवटपर्यंत सोडवू नये. एका दृश्यात ती आई मुलाची नखे कापते आहे, तिसऱ्या हाताची सुद्धा. कात्री नखांना पुरत नाही, म्हणून खाणीतली कानस घेते आणि मुलाला दुखू नये म्हणून गाणे म्हणत हळूहळू घासते. हे दृश्य मी भीतीसाठी लिहिलेले नाही. नटीलाही मी हेच सांगेन की तुझ्यापुढे फक्त तुझे मूल आहे, हातांची संख्या कॅमेरा मोजेल.

खेळाचे गाव नॉटिंगहॅम ज्या परगण्यात आहे तो नॉटिंगहॅमशायर हा कोळशाच्या खाणींचा मुलूख होता. १९८४-८५ च्या ब्रिटिश खाणकामगारांच्या संपात तिथल्या बहुसंख्य कामगारांनी काम चालू ठेवले, काहींनी संप केला, आणि त्यातून शेजार तुटले, घरे दुभंगली, १९८५ मध्ये वेगळी संघटना निघाली. दोनच वर्षांनी त्याच मुलखातून हा खेळ बाहेर पडला. खेळ रचणाऱ्यांच्या मनात तो संप होता असा माझा दावा नाही. पण मला लेखकांची खोली मिळाली, तर मी सहाही लेखकांना आधी त्या संपातल्या कुटुंबांच्या आठवणी वाचायला लावीन. भाऊ भावाशी बोलायचा थांबतो तो कोणत्या वाक्यावर, जेवणाच्या टेबलावर कोणता विषय कोणी काढत नाही, हे तिथून मिळेल. नियमपुस्तकातून ते मिळणार नाही.

आता धागे जुळवतो. ४०,००० तरुण छावणीत जमले आहेत, पण त्यांना न्यायला यायचे जहाज येत नाही. या विश्वात ताऱ्यांमधला प्रवास वॉर्प नावाच्या अवकाशातून होतो, जिथे वेळेचा भरवसा नसतो, त्यामुळे उशीर झाल्याचे कोणाला विशेष वाटत नाही. एक महिना जातो, चार जातात. शिधा कमी पडतो. त्यांचा शिधा खाणीतल्या वस्तीच्या शिध्यातून कापला जातो, आणि खाणीत पहिला दंगा होतो. ज्या मुलांना परक्या ग्रहावर लढायला नेणार होते त्यांनाच कमिसार आपल्याच गल्लीवर बंदूक रोखायला लावतो. लेखनिकेचा भाऊ पुढच्या रांगेत आहे. इकडे कचेरीत ॲस्ट्रोपॅथांना निरोप येणे बंद झाले आहे. आधी एकाला, मग सगळ्यांना. हे विश्व जाणणारा प्रेक्षक इथे सरळ होऊन बसेल, कारण टायरनिडांचा ताफा जवळ आला की वॉर्पमध्ये त्याची सावली पडते आणि निरोप, जहाजे सगळे अडते, हे त्याला ठाऊक आहे. न जाणणाऱ्याला फक्त एवढेच दिसेल की आंधळे लोक अचानक रडू लागले आहेत. दोघांनाही एकाच दृश्यातून पुरेसे मिळाले पाहिजे, आणि जाणकारासाठी वेगळे संवाद घालायचे नाहीत.

विनोदाविषयी लिहिले नाही तर उत्तर अपुरे राहील. अतिशयोक्तीतून आलेला कडवट ब्रिटिश उपहास या विश्वाच्या रक्तात आहे, आणि तो काढून घेतला तर उरते ती नुसती रडकी भव्यता. शिपायाला दिली जाणारी एक पुस्तिका या विश्वात प्रसिद्ध आहे. तीत शत्रूबद्दल धडधडीत खोटे लिहिलेले असते, ऑर्क हे परग्रहीय रानटी योद्धे कमजोर आणि भित्रे आहेत वगैरे, आणि ती पुस्तिका जवळ नसणे हा गुन्हा. यंत्रे कशी चालतात हे तर जवळपास सर्वजण विसरलेले आहेत. त्यामुळे यंत्र सुरू करण्यापूर्वी त्यातल्या यंत्रात्म्याची प्रार्थना होते, धूप दाखवला जातो, पवित्र तेल लावले जाते. माझ्या कचेरीतला उद्वाहक म्हणूनच रोज ११ मिनिटे मंत्र म्हटल्यावर हलतो, आणि एके दिवशी उपदेशकाचा माणूस सरळ कळ दाबतो तेव्हा तो लगेच वर जातो. सगळे हबकतात. हसू येते, आणि त्याच हसण्यात पंथाची पहिली फूस आहे, कारण या माणसांनी निदान कळ कशासाठी असते हे ओळखले.

या उपहासाच्या उलट बाजूला मोठा खड्डा आहे. काळा कोट, उंच टोपी, कवट्यांची चिन्हे, प्रचंड पुतळे ही सगळी सामग्री पडद्यावर देखणी दिसते, आणि देखणेपणा फार लवकर खरा मानला जातो. इम्पीरियम हे या विश्वातले सत्पक्ष आहे असे समजून त्याचा जयजयकार करणारे चाहते आहेत. प्रकरण इतके गेले की नोव्हेंबर २०२१ मध्ये कंपनीला जाहीर निवेदन काढून सांगावे लागले की हे साम्राज्य उपहासासाठी रचले आहे आणि द्वेष पसरवणाऱ्यांना या छंदात जागा नाही. पडद्यावर हे निवेदनाने साधत नाही. माझा उपाय कारकुनी आहे. प्रत्येक शौर्याच्या दृश्यानंतर त्याची नोंद करणारे दृश्य ठेवायचे. सहाव्या भागात स्पेस मरीन येतो, चार मिनिटांत पंथाचा एक अड्डा उद्ध्वस्त करतो, आणि ते दृश्य मी मुद्दाम थरारक करीन, हात आखडता घेणार नाही. सातवा भाग लेखनिकेच्या यादीने उघडतो : अड्ड्याच्या वरच्या तीन मजल्यांवर राहणारी २१२ माणसे, वय, काम, आणि शेवटच्या रकान्यात 'शिध्यातून वजा'. ती एकेक नाव मोठ्याने वाचते, कारण नियम तसा आहे. स्पेस मरीन दाराशी थांबून ऐकतो. त्याच्या चेहऱ्यावर काही हलत नाही. मग तो विचारतो, "किती वेळ लागेल?"

सर्व्हिटरचेही असेच. हे अर्धयंत्र गुलाम असतात, शिक्षा झालेल्या माणसाचा मेंदू बधिर करून त्याला दार उघडायला किंवा ओझी उचलायला जोडलेले असते. दुसऱ्या भागात संपाची भाषा बोलणारा एक मुकादम गायब होतो. चौथ्या भागात कचेरीचे दार उघडणाऱ्या नव्या सर्व्हिटरच्या मनगटावर त्याचाच भाजल्याचा डाग दिसतो. लेखनिका क्षणभर थांबते, कागद पुढे करते, तो शिक्का मारतो. पार्श्वसंगीत नको. संकलकाला हात जोडून सांगावे लागेल, पण नकोच.

खर्चाबाबत थोडेच. आठ भाग, कायमचे चार सेट : कचेरी, वस्तीतली एक खोली, छावणी, खाणीचा बोगदा. शहराची अफाट उंची पूर्ण पर्वात तीन-चार वेळाच दाखवावी, बाकी वेळ ती आवाजातून यावी, कारण वरच्या मजल्यांचा गोंगाट खालच्या माणसाला सतत ऐकू येतो. आणि काळोख्या विश्वाची मालिका म्हणून चित्र काळे करू नये. हल्ली इतके अंधारलेले भाग पाहावे लागतात की घरचे लोक दूरचित्रवाणीच बिघडली म्हणतात. मेणबत्त्या, भट्ट्या, कवटीच्या डोळ्यातला उजेड, हे सगळे प्रकाशाचे स्रोत कथेनेच देऊ केलेले आहेत.

मराठीत या मालिकेची उपशीर्षके करायची वेळ आली तर एक अडचण येईल, ती आधीच नोंदवतो, कारण ते कामही मी काही वर्षे केले आहे. 'सम्राट' म्हटले की आपल्या कानाला अशोकाचे औदार्य ऐकू येते, 'बादशहा' म्हटले की दरबार आणि अत्तर येते, आणि सिंहासनावर सुकत चाललेल्या त्या देहाला दोन्ही शोभत नाही. मी प्रार्थनेत 'सम्राटदेव' आणि कचेरीच्या कागदांत नुसते 'सिंहासन' वापरीन. 'सिंहासनाच्या हुकमावरून' असे शब्द कागदावर आले की त्यावर कोणी बसले आहे की नाही, ही शंका आपोआप जिवंत राहते.

शेवटचा भाग कसा संपतो, हेही विचारले जाईल. आकाश भरून टायरनिड येतात. उपदेशक हात पसरून त्यांच्याकडे चालत जातो, आणि आपण ते दुरून, लेखनिकेच्या खिडकीतून पाहतो. तिचा भाऊ कोणत्या बाजूला होता ते तिला कळत नाही. ती मेजाशी परत येते, कवटीला म्हणते, "उजेड नीट धरा, साहेब," आणि ग्रहाची शिरगणती पूर्ण करायला घेते. टायरनिड ग्रह सोडतात तेव्हा मागे नुसता खडक उरतो, पाणी आणि हवासुद्धा उरत नाही. तो खडक मी फक्त पाच सेकंद दाखवीन. मग अगदी वेगळी कचेरी, वेगळा ग्रह, तसल्याच मेजांच्या रांगा. एक तरुण कारकून गुंडाळी उलगडतो, बोटाने रकाना शोधतो, आणि लिहू लागतो : आपल्या ग्रहाचा दशमांश कर ६० वर्षांपासून थकीत आहे, तरी ४०,००० माणसे दंडासह त्वरित पाठवावीत. तो शाई वाळण्यासाठी वाळू भुरभुरवतो, शिक्का मारतो, आणि पुढची गुंडाळी उचलतो.